उजव्या हातातलं घड्याळ

विनिपेग
सोमवार, ९ मार्च

प्रिय पपा,

काल रविवारचा फोन झाला आणि लगेच आज पत्र, तेव्हा पाकीट बघून ममा घाबरेल. तिला आधी सांगा की मी ठीक आहे. खोकला गेला, नोकरी शाबूत आहे, आणि गाडी उणे तीसलाही पहिल्या फटक्यात सुरू होते. काल तुम्ही हवेबद्दल बोललात, चर्चच्या छपराबद्दल बोललात, विलीने ट्रेलर मागे घेताना फाटक वाकवलं तेही सांगितलंत. नाताळपासून दर रविवारी तुम्ही आठवड्याची पावलं वाचून दाखवता, तेवढी काल वाचली नाहीत. मीही विचारलं नाही. तुमचे आकडे लिहायची वही उघडून बसले होते, ती तशीच मिटली.

आमच्या ऑफिसातली चालण्याची स्पर्धा संपली. दोघांची एक जोडी, आठ आठवडे, आणि रोजची पावलं ज्याची त्याने चहाच्या खोलीतल्या फ्रीजवर लावलेल्या कागदावर लिहायची. तपासणारं कुणी नाही. माझ्या जोडीला मरिसेल होती, तीच ती मनिलाची, माझ्या शेजारच्या टेबलावर बसून गारपिटीच्या विम्याचे दावे बघते ती. आम्ही दोघी दिवसाचे आठ तास खुर्चीत असतो. जानेवारीत बाहेर फिरायची सोय नाही, म्हणून दुपारी इमारतींना जोडणाऱ्या बंद पुलांवरून पंचवीस मिनिटं चालून यायचं असं ठरवलं. फोन आला की उभं राहून घ्यायचा. पाणी आमच्या मजल्यावरचं न घेता दोन मजले उतरून आणायचं. डबा घरून न्यायचा: राय धान्याचा पाव, मसुराचं सूप, गाजरं. दुपारी तीनला डोळे मिटायला लागतात त्यावर गाजर बरं, असं मी मरिसेलला सांगते, आणि ती मान डोलावत माझ्यासमोर तळलेले केळ्याचे रोल खाते.

दुसऱ्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की मनगटावरचं हे पावलं मोजणारं घड्याळ पाय बघत नाही, हात बघतं. शनिवारी पावाचं पीठ मळलं, जागची हलले नाही, आणि चारशे पावलं जमा झाली. मी ती वजा केली. मग केस धुतल्याची वजा केली, गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडल्याची वजा केली. मरिसेल म्हणाली, “अगं बाई, पीठ मळणं म्हणजे काय झोपणं आहे? लिही की. आणि वजाच करायची तर जांभईची किती धरतेस तेही सांग.” आम्ही अठराशे पावलांनी हरलो. मी वजा केलेली नऊ हजारांवर होती. मरिसेल दोन दिवस मला पाद्रीणबाई म्हणत होती, तिसऱ्या दिवशी तिने केळ्याचा रोल पुढे सरकवला. ते पीठ मळण्याचं मी तुम्हाला तेव्हाच फोनवर सांगितलं होतं, आठवतं? तुम्ही हसलात आणि म्हणालात, “मग माझं काय बिघडतंय पोरी, मी कुठे पीठ मळतो?”

मी अशी का झाले, हे ऑफिसातल्या कुणाला कळणार नाही, तुम्हाला कळेल. आमची शाळा म्हणजे स्वयंपाकघरातलं टेबल. ममा एकीकडे सूप ढवळायची आणि एकीकडे आम्हाला शिकवायची. धडा झाला की ज्याने त्याने शेल्फवरून उत्तरांचं पुस्तक घ्यायचं, आपलं आपण तपासायचं, आपले गुण आपण लिहायचे. ममाने कधी मागे वाकून बघितलं नाही. मी नऊ वर्षांची असताना अपूर्णांकांच्या भागाकाराने मला रडवलं, आणि एक अख्खा महिना मी आधी उत्तरांचं पुस्तक उघडत होते आणि मग गणित लिहीत होते. तुम्ही माझा शंभर गुणांचा कागद फ्रीजवर लावलात. येताजाता मला तो दिसायचा, आणि मला दूध काढायला फ्रीज उघडवत नसे. मग एका सोमवारी शेल्फवर पुस्तक नव्हतं. ते तुमच्या धान्याच्या ट्रकमध्ये होतं, पुढच्या काचेखाली. तुम्ही म्हणालात, “चल, मला सोबत हवी आहे,” आणि महिनाभर कोठाराच्या रांगेत ट्रक उभा असताना तुम्ही माझ्याकडून ते सगळे भागाकार तोंडी करून घेतलेत. का, ते तुम्ही कधी बोलला नाहीत. मीही नाही. आज पंधरा वर्षांनी सांगतेय: मी उत्तरं बघून लिहीत होते. तुम्हाला ते ठाऊक होतं हे मला ठाऊक आहे.

पाठीच्या दुखण्यानंतर तुम्हाला ट्रक सोडून ऑफिसात बसावं लागलं, तेव्हा मला वाटलं होतं, बरं झालं, निदान आराम. ट्रकमध्येही माणूस बसूनच असतो, पण चढतो, उतरतो, ताडपत्र्या ओढतो. कुठली गाडी कुठे धाडायची ते फोनवर ठरवायला दहा तास खुर्चीतून उठावंच लागत नाही, हे मला माझ्या स्वतःच्या खुर्चीत बसल्यावर कळलं. ऑक्टोबरात डॉक्टरांनी साखरेचा आकडा सांगितला, आणि असंच राहिलं तर वसंतात इन्सुलिन सुरू करू म्हणाले. त्या दिवशी घरी कुणी तुमच्या आईच्या पायाचं नाव काढलं नाही, पण जेवताना सगळ्यांच्या मनात तो कापलेला पायच होता. तुम्ही दुसऱ्या दिवसापासून डोनट बंद केलेत. ड्रायव्हर मुद्दाम डबा तुमच्या टेबलावर उघडा ठेवायचे आणि तुम्ही त्यांच्यातल्या विलीला म्हणालात, “ने तो तुझ्या बायकोला, तुझ्याशी लग्न केल्याची भरपाई म्हणून.” नाताळात मी तुम्हाला माझ्यासारखंच घड्याळ दिलं. पहिल्याच आठवड्यात पाच हजार, मग सहा, मग सात. चर्चमध्ये तुम्ही बाही वर करून लोकांना आकडा दाखवता, हे ममाने सांगितलं तेव्हा मी इथे एकटीच हसत होते.

आता फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारचं सांगते. ममाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायला मी सुट्टी घेऊन आले होते. तुमचा डबा ओट्यावर राहिला होता, तो द्यायला तुमच्या ऑफिसात आले आणि भिंतीजवळच्या खुर्चीत बसले. तुम्ही फोनवर होतात. टेबलावर डोनटच्या जागी आता सूर्यफुलाच्या बियांची मोठी पिशवी होती आणि टरफलांसाठी कॉफीचा रिकामा डबा. तुम्ही डावखुरे, म्हणून घड्याळ उजव्या हातात. गाड्यांचे नंबर डाव्या हाताने लिहिता, म्हणून बिया उजव्या हाताने. पिशवीतून तोंडाकडे, तोंडातून डब्याकडे, परत पिशवीकडे. आपल्याकडची सगळीच माणसं अशी खातात, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. पण तुमच्या मनगटावरचा आकडा मला दिसत होता. मी बसले तेव्हा तीन हजार एकशे साठ. चाळीस मिनिटांनी उठले तेव्हा तीन हजार आठशेच्या वर. तेवढ्या वेळात तुम्ही एकदाही खुर्ची सोडली नव्हती. फोनवर विली काहीतरी चिडवत होता, कारण तुम्ही म्हणालात, “म्हातारा कुणाला म्हणतोस रे? मी आज सात हजार करणार आहे. तू ट्रकातून उतरून सात पावलं टाक आणि मग बोल.” मग माझ्याकडे बघून तुम्ही डोळा मारलात.

इथे आल्यावर मी एक पिशवी आणली आणि दुपारच्या सुट्टीत चहाच्या खोलीत घड्याळ उजव्या मनगटावर बांधून त्याच हाताने वीस मिनिटं बिया खाल्ल्या. मरिसेल दारात उभी राहून म्हणाली, “काय गं, पोपट झालीस?” तीनशे दहा पावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं, तीनशे चाळीस. तुम्ही खोटं बोलत नव्हता, पपा. घड्याळ जे म्हणत होतं तेच तुम्ही मला वाचून दाखवत होता. डॉक्टरांनी गोड सोडा म्हटलं, तुम्ही सोडलंत. हाताला चाळा हवा म्हणून बिया घेतल्यात. आणि त्याच चाळ्याने तुमची पावलं भरून काढली. त्यानंतरच्या रविवारी मी सांगणार होते. तुम्ही म्हणालात, “लिही, सात हजार दोनशे,” आणि मी लिहिलं. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा लिहिलं. स्वतःची पिठाची चारशे मी वजा केली आणि तुमची बियांची चार हजार गप्प राहून वहीत उतरवली, कारण तुमच्या आवाजात इतक्या दिवसांनी ट्रकवरचा माणूस ऐकू येत होता. चार रविवार.

गुरुवारी ममाचा फोन आला. तुम्ही गॅरेजमध्ये होतात तेव्हा तिने तो केला होता. साखर उतरली नाही, उलट चढली, आणि शुक्रवारी तेरा तारखेला इन्सुलिनचं ठरवायला डॉक्टरांनी बोलावलंय, हे तिने सांगितलं. आणि तुम्ही घड्याळ काढून चमच्यांच्या खणात टाकलंत, हेही. तुम्ही तिला म्हणालात म्हणे, “दोन महिने रोज सात हजार चाललो आणि हे फळ. चालण्याने काही होत नाही, आमच्या रक्तातच आहे ते. आईचा गेला तसा माझाही पाय जाणार, मग तो कशाला दमवू?” ते ऐकलं, म्हणून हे लिहिलंय. बुधवारपर्यंत ते तुमच्या हातात पडेल. पपा, चालण्याने काही होतं की नाही हे तुम्हाला अजून माहीतच नाही, कारण तुम्ही अजून चाललाच नाहीत. शुक्रवारी डॉक्टरांना हे असंच सांगा, आणि बियांच्या पिशवीचंही सांगा, कारण ती तुम्ही रोज संपवता. इन्सुलिन द्यायचं की नाही ते त्यांनी ठरवावं, पण खऱ्या आकड्यांवर ठरवावं. पाच आठवडे मी गप्प बसले, ते माझ्या नावावर धरा. तुम्ही पुस्तक एक शब्द न बोलता उचललं होतंत. मला तसं जमलं नाही, मला लिहावं लागलं. शनिवारी दोन वाजता मी येतेय. त्या मंगळवारी निघताना मी तुमच्या आवारात ऑफिसच्या दारापासून ट्रेलरच्या रांगेच्या टोकापर्यंत जाऊन परत आले होते. सहाशे चाळीस पावलं होतात. घड्याळ खणातच राहू द्या. आपण तोंडी मोजू.

तुमचीच,
आगाथा