दाजींच्या तीन बाटल्या आणि माझं नाक

उदगीर,
गुरुवार

नांदेड मुक्कामी आदरणीय दाजींच्या पायाशी वैजनाथचा दंडवत. (मनात राग आहे, तरी दंडवतात काटछाट केलेली नाही.)

अक्काचे गुडघे आता कसे आहेत? तुमची शुगर आटोक्यात आहे ना? इकडं सगळे खुशाल आहेत, माझं तोंड सोडून. त्याच्याबद्दलच लिहितो आहे. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही आणि वर कंपनीचा व्हिडिओ पाठवून मोकळे होता.

दाजी, तुम्ही मास्तरकीतून रिटायर झालात, आराम करायचा. ते सोडून गळ्यात टाय बांधून व्हिटॅमिनच्या मीटिंगा कसल्या घेता? बरं, घ्यायच्या तर घ्या, पण पहिलं गिऱ्हाईक म्हणून सख्खी भाचीच सापडली? तनुजाच्या गालावर दोन-चार पुळ्या होत्या. बँकेत नोकरी लागली, शिरूर अनंतपाळला काउंटरवर बसायचं, म्हणून पोरगी जरा हळवी झाली होती, एवढंच. तुम्ही तिच्या हातात तीन बाटल्या दिल्या. एक चेहऱ्याच्या तेजाची, एक केसांची, एक ताकदीची. महिना भरायच्या आत दोन्ही गाल, कपाळ, हनुवटी, सगळीकडं पीक आलं. तिनं तुम्हाला विचारलं तर तुमचं उत्तर काय? “बेटा, आधी अंगातली घाण बाहेर पडती, मग तेज येतं. डोस वाढव.” वर्गातली पोरं नापास झाल्यावर त्यांच्या बापांना कधी असं उत्तर दिलं होतं का तुम्ही?

पोरगी घरातसुद्धा स्कार्फ बांधून बसू लागली. जेवताना स्कार्फ खाली ओढायची, घास घ्यायची, परत वर चढवायची. रुजू व्हायची तारीख जवळ आली तशी म्हणाली, “पप्पा, मी न्हाई जात. काचेमागं बसून लोकायला तोंड दाखवत बसू का?” ह्या नोकरीसाठी पोरीनं वर्षानुवर्षं अभ्यास केला होता, दाजी.

आता माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे. सगळा जन्म आडतीवर गेला. तूर असो की हरभरा, चार दाणे दाताखाली धरून बघितल्याशिवाय मी मालाला हात लावत नाही. म्हणून तुमच्याही मालाचा नमुना बघायला बसलो. एका नमुन्यात कुठं पारख होते? रोज संध्याकाळी दुकानातून आलो की तिन्ही बाटल्यांतला एकेक दाणा तोंडात. (तेजाच्या गोळ्या चघळायच्या आणि गोड होत्या, त्यामुळं त्यांची तपासणी जरा जास्त बारकाईनं झाली.) आणि ऐन साठीत मला पुळ्या आल्या! नाकाच्या शेंड्यावरची तर अशी टपोरी, की माणसं रामराम मला न घालता तिला घालायची. आमचा भीमा हमाल सगळ्या आडतीसमोर म्हणाला, “शेटजी, तुमचं लगीन काढावं लागतंय आता.”

शेवटी दोघंही लातूरला डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांनी आमच्याकडं आळीपाळीनं बघून पेशंट कोण असं विचारलं, हा अपमान मी तुमच्या खात्यावर मांडला आहे. मग त्यांनी बाटल्यांवरची बारीक अक्षरं मला वाचायला लावली. तिन्ही बाटल्यांत तेच बी-ट्वेल्व्ह! एकच तूर तीन पोत्यांत, शिक्के तेवढे वेगळे, आणि मी आडत्या असून फसलो. बाई म्हणाल्या, हे अती झालं की काही जणांना पुळ्या येतात. आधी रक्त तपासायचं, जे कमी असेल तेवढंच घ्यायचं. तपासलं, तर पोरीच्या रक्तात काहीच कमी नव्हतं. मग कशाची भरपाई करत होतात तुम्ही?

आमच्या हिनं, सरजानं, उरलेल्या गोळ्या त्याच दिवशी फेकून दिल्या. इथून पुढं माझ्या उंबऱ्याच्या आत तुमची बाटली दिसली, तर भाऊबिजेला अक्कानं एकटीनंच यावं, हे स्पष्ट सांगतो.

रागावलेला, तरी तुमचाच मेहुणा,
वैजनाथ

ता. क. तनुजा रुजू झाली, हे रागाच्या भरात लिहायचंच राहिलं. तिच्या पुळ्या तेव्हा तशाच होत्या, म्हणून मी सोबत गेलो. बँकेत शिरलो तर शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळे माझ्या नाकाकडं बघायला लागले. एका म्हाताऱ्या खातेदार बाईनं तर हळद लावायला सांगितली. तनुजानं माझ्याकडं बघितलं, लोकांकडं बघितलं, महिन्यानंतर पहिल्यांदा खळखळून हसली आणि स्कार्फ सोडून पर्समध्ये कोंबला. तिच्याकडं कुणाचं लक्षच नव्हतं.

ता. क. दुसरा. माझ्या पुळ्या आता वाळत चालल्यात, तिच्या अजून थोड्या आहेत. पुढच्या महिन्यात बँकेचा मेळावा आहे, तिला माईकवर बोलायचंय आणि मी पुढच्या रांगेत बसावं असा तिचा हट्ट आहे. तेव्हा उदगीरच्या बसनं ताकदीची एक बाटली पाठवून द्या. घरी नको, आडतीवर. डोस मी वाढवून घेतो.