भाईंचं गाऱ्हाणं

रेडी, ४ डिसेंबर १९८३
पोचलो बुवा एकदाचे! आमच्या कट्टा गावाहून येताना शेवंतीला गाडी लागली, पण घर बघून तिची कळी खुलली. भाई निवृत्त हेडमास्तर. यहुदी संदेष्ट्यांना झालेल्या दृष्टांतांवर त्यांनी ग्रंथ लिहिलाय. माझं अक्षर बरं म्हणून सुवाच्य प्रत करायला मला बोलावलं. बायकोलाही आण, असं पत्रात मुद्दाम लिहिलं होतं. केवढं मोठं मन! त्यांच्या पत्नी सुशीलाकाकी वर्षभर अंथरुणाला खिळल्या आहेत.

९ डिसेंबर
एका मेंढपाळ संदेष्ट्याला पिकल्या फळांची टोपली दिसली. मी म्हटलं, छान, सुगी आली! भाई हसले. म्हणाले, फळं नव्हेत, राष्ट्राचा शेवट पिकलाय. दृष्टांतात वस्तू साधीच असते. रोज लिखाण संपलं की ते देवापुढे गाऱ्हाणं पुटपुटतात. शब्द कळत नाहीत, पण गाऱ्हाण्याला ऐकणाऱ्याने होकार द्यायचाच, त्या सवयीने आम्ही दोघं मोठ्याने ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो.

१७ डिसेंबर
आज हद्दपारीतल्या संदेष्ट्याचं प्रकरण. त्याच्या डोळ्यांचा आनंद, त्याची बायको, संध्याकाळी मेली. रडायचं नाही, ही देवाची आज्ञा, कारण तो स्वतःच लोकांसाठी खूण होता. शेवंतीला कालपासून ताप आहे. काकी मात्र उठून बसल्या, पेज मागितली.

२० डिसेंबर
काकी चालतात. शेवंतीचा ताप हटत नाही. डॉक्टरांना काही सापडत नाही. काकी तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवतात, पण माझ्या नजरेला नजर देत नाहीत.

२२ डिसेंबर
हस्तलिखितात घडी केलेला कागद. भाईंचं अक्षर. ‘बा देवा म्हाराजा, खुणेसाठी माझ्या बायलेक न्हेव नको. हो लिवणारो आणलंय, बायलेसकट आणलंय. तिका घे.’ काकींच्या बदल्यात माझी शेवंती! आणि आम्ही, शेवंतीसुद्धा, अठरा दिवस हो म्हणत होतो—
भाईंना जाब विचारला. नाकारलं नाही. वर्षापूर्वी बायको जाण्याचा तो दृष्टांत त्यांनाच झाला होता. म्हणाले, “माका तिच्याशिवाय कोण आसा रे?” मला कोण आहे? लेकरा म्हणत जेवू घातलं, आणि गळा कापला!

२३ डिसेंबर, दुपार
उलटं गाऱ्हाणं घातलं. ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला दुसरं कोणीतरी हवं. शेवंतीचे ओठ हलले, आवाज नाही. काकींच्या पाया पडलो. त्या दारात उभ्या, तोंड घट्ट मिटून—

संध्याकाळ
शेवंतीचे हात गार. भाई सांगतात, रडू नको. मी रडणार. रडलो तर खूण मोडेल— छाती फुटतेय, हुंदके येताहेत— गालाला हात लावतो तर कोरडा— शेवंती गेली माझी, आणि एक थेंब—