गुलाबी उजेडातल्या स्ट्रॉबेऱ्या

उत्स्योकी, ६ जानेवारी

लाडक्या मार्केट्टास,

आम्ही ठीक आहोत. साइमीचा खोकला गेला का? सोमवारी शाळा उघडतेय, म्हणून तुझ्या बाबांनी मुलांना शाळेत न्यायची त्यांची टॅक्सी आजच धुऊन ठेवली. पत्र शेजारच्या ट्युनेच्या हाती देतेय. फोनच केला असता, पण बाबा सारखे माझ्याजवळच असतात.

तळघरात त्यांच्या स्ट्रॉबेऱ्या लगडल्यात. बाहेर ध्रुवावरची लांब रात्र, महिनाभर सूर्य नाही आणि खाली दिव्यांचा गुलाबी झगमगाट! विकतचं खत त्यांना चालत नाही; माशांची आतडी आणि पाला कुजवलेलं पाणीच रोपांना पाजतात. ट्युने विचारते, "खाली कोण मेलंय गं?" फळं धरावीत म्हणून फुलांवर परागाचा कुंचला मात्र हल्ली मलाच फिरवायला लावतात. म्हणे, तुझा हात हलका. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कौतुक झालं, म्हणून मीही भुलले.

त्या उजेडात कच्चं फळही गुलाबी दिसतं. म्हणून तोडण्याआधी साध्या टॉर्चने बघायचं, हा बाबांचाच नियम. काल त्यांनी स्वतः वाडगाभर फळं तोडून स्वयंपाकघरात ट्युनेपुढे ठेवली. सगळी पांढरीफटक.

"घे, लाजू नकोस. बघ कशी लालबुंद झालीत!"

ट्युनेने माझ्याकडे पाहिलं, एक तोंडात टाकली आणि डोळे गच्च मिटले. "गोड आहे हं, उर्हो." तोवर बाबांनी क्रीम वाडग्याबाहेर, टेबलावरच ओतली होती.

ती गेल्यावर मी विषय काढला. आधी म्हणाले, दिव्यांनी डोळे दिपतात. मग भडकले. "डॉक्टर लायसन काढून घेईल. मग काय, तळघरात बसून राहू?"

परवा रस्त्यात रेनडियर उभा होता. मी किंचाळले तेव्हा कुठे ब्रेक लागला. "पाहिलं होतं मी," म्हणाले. मीही मान डोलावली.

त्यांच्या गाडीत आपली साइमी धरून चार मुलं असतात. शाळेला कळवायला दोनदा फोन उचलला आणि ठेवून दिला. माझ्याच्याने होत नाही. तू कळव, सोमवारच्या आत. आणि हॉर्न वाजला तरी साइमीला बाहेर पाठवू नकोस.

कोणी सांगितलं, असं बाबा विचारतीलच. लपवू नकोस. माझं नाव सांग.

तुझी आई