घरच्यांची पंगत

सर, आज सकाळी संस्थेत नव्यानं आलेल्या पीएचडीच्या मुलांचं स्वागत होतं, आणि संचालकांनी पडद्यावर तुमचं वाक्य झळकवलं: काम करत राहा, नाव आपोआप होतं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी मागच्या रांगेत दातओठ खात बसले होते. गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात, पण आज मी भांडणार आहे. नाव आपोआप होत नाही, सर. कुणीतरी ते चारचौघांत घ्यावं लागतं. तुम्ही माझं घेतलं नाहीत.

मी तुमच्या हाताखाली बेंगळुरूला आले तेव्हा अख्ख्या विभागात मराठी बोलणारे आपण दोघंच. दर रविवारी मी तुमच्या घरी जेवायला. ते स्वयंपाकघर मला अजून दिसतं. काकू थालीपीठ थापतायत, मी तव्यापाशी उभी आहे, आणि तुम्ही दाराला टेकून म्हणताय, "अगं, काय सुंदर स्फटिक वाढवलायस! माझ्या हातून असा कधी झाला नाही." आणि सोमवारी प्रयोगशाळेत तुम्ही ओळखसुद्धा दाखवत नाही. बोलणं इंग्रजीत, कोरडं ठणठणीत. इतरांच्या चुका हसण्यावारी जायच्या, माझी एक निघाली की सगळ्यांसमोर पाणउतारा. मग ती परदेशातली परिषद आली. भाषणाला एकालाच पाठवायचं होतं. भट्टीशी झुंजून ते स्फटिक मी वाढवले होते, हे तुम्हालाच काय, चहावाल्यालाही ठाऊक होतं. तुम्ही नाव घेतलंत माझ्याबरोबरच्या मुलाचं, ज्यानं माझ्याच स्फटिकांवर मोजमापं केली होती. त्या रविवारी मी पानावर नुसती बसून राहिले, तेव्हा तुम्ही समजावलंत, "तुला पाठवलं असतं तर लोक म्हणाले असते, मराठी म्हणून पुढं केली. तू घरची आहेस. घरच्यांनी शेवटच्या पंगतीला बसायचं असतं." काकू पाठमोऱ्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "शेवटच्या पंगतीला काय उरतं ते आम्हा बायकांना विचारा." तुम्ही हसलात.

मला हसू आलं नव्हतं, आजही येत नाही. विज्ञानात शेवटची पंगत बसतच नाही हो! आधी बसले ते जेवले, बाकीच्यांनी पत्रावळी उचलायच्या. तो मुलगा त्या परिषदेतच पुढची जागा ठरवून आला. मी कितीतरी वर्षं तात्पुरत्या नोकऱ्यांत झिजले, आणि मुलाखतीत लोक मलाच विचारायचे, हे काम त्याचं ना? लोकांची तोंडं बंद ठेवायला तुम्ही माझा बळी दिलात आणि वर त्याला आपलेपणा म्हणालात.

आज दुपारी तीच वेळ माझ्यावर आली. माझ्या गटातून परिषदेला एकाचंच नाव द्यायचं होतं. माझी एक विद्यार्थिनी निपाणीकडची, मराठीच आहे, कोरमंगलात पीजीत राहते, आणि सगळं काम निर्विवाद तिचं आहे. बैठकीत नाव घ्यायला तोंड उघडलं आणि जीभ अडखळली. लोक काय म्हणतील? तुमचंच भूत मानगुटीवर बसलं होतं. ते झटकलं आणि तिचं नाव घेतलं, चांगलं मोठ्यांदा. शेजारचे प्राध्यापक हसत म्हणालेच, "क्या मॅडम, अपने गाँव की?" मी म्हटलं, "जी हाँ. और काम भी उसी का है." विषय तिथंच संपला, सर. एवढ्यालाच तुम्ही जन्मभर घाबरलात.

पण संध्याकाळी पोरीनं मला व्हरांड्यात गाठलं. "मॅडम, खरं सांगा. आपल्यातली म्हणून घेतलासा काय माझं नाव?" म्हटलं, "या गटात तुझं काम सगळ्यांत चांगलं आहे, म्हणून घेतलं. नीट ऐकलंस?" येणारेजाणारे वळून बघत होते, म्हणून तेच आणखी एकदा सांगितलं. तिनं डोळे पुसले, कानडी सवयीनं "सरी, मॅडम" म्हणत होकार दिला आणि गेली. नव्या पोरांना एवढंच लागतं हो. एक वाक्य, तोंडावर, सगळ्यांदेखत. काय बिघडलं असतं तुमचं?

हे पत्र पाठवणार कुठं? काकूही आता नाहीत. राहील माझ्याच खणात. फक्त एक सांगायचं आहे. तुम्ही गेलात त्या आठवड्यात, माझ्याऐवजी परिषदेला पाठवलेल्या त्याच मुलाचा मला फोन आला होता; आता मोठा प्राध्यापक आहे तो. म्हणाला, सर आम्हा सगळ्यांना सांगायचे, माझ्या विद्यार्थ्यांत तिच्या तोडीचं कुणी नाही. सगळ्यांना सांगितलंत, मला सोडून! मी संतापून फोन आपटला. आणि थोड्या वेळानं मीच त्याला परत फोन लावला, आणि तुम्ही नेमकं काय म्हणाला होतात ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.