तिसऱ्या फेरीला मागे बघायचं नाही

२ नोव्हेंबर, सांगली

विकास भाऊजी पलटणीतून लांब सुट्टीवर आले. कोरेगावच्या घरी न जाता आधी इथे. बूट काढायच्या आधीच उंबऱ्यातून म्हणाले, "वैनी, दादानं दिलेलं नाव रद्द करायचं न्हाई. त्याच्या जागी मी पळणार." शर्यतीच्या संयोजकांना फोन करूनच आले होते. जोडीत एक बाई, एक पुरुष असला की झालं, जोडीदार बदलता येतो.

मी चहा टाकला. हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही.

हे नाव संतोषने मागच्या डिसेंबरातच देऊन ठेवलेलं. साताऱ्याची शर्यत संपली त्याच संध्याकाळी, घामाचा शर्ट अंगात तसाच. "पुढच्या येळी तिसऱ्या फेरीला तुला ताटकळत ठेवणार नाही," म्हणाला होता. पुढे महिनाभराने गेला.

वर्ष जानेवारीत होईल. शर्यत त्याआधी. सासूबाईंना विचारायला हवं.

५ नोव्हेंबर, कोरेगाव

सासूबाई अंगणात घेवडा निवडत होत्या. चुलत सासरे नाना खुर्चीत. भाऊजींनी विषय काढला तसे नाना म्हणाले, "वरीस व्हायच्या आत नाचायचं व्हय?"

सासूबाई मान वर न करता म्हणाल्या, "नाचत न्हाई ती. पळतीया."

नानांनी खुर्ची उन्हाकडे वळवली.

मग सासूबाईंनी मला विचारलं, कसली शर्यत ती. मी सांगितलं, एक किलोमीटर पळायचं, मग एक काम. कधी लोखंडी स्लेड, म्हणजे वजन लादलेली घसरगाडी, ढकलायचा, कधी दोरीने ओढायचा, कधी वाळूची पिशवी खांद्यावर घेऊन गुडघे टेकत चालायचं. अशा आठ फेऱ्या. काम दोघांनी वाटून घ्यायचं, पळायचं मात्र दोघांनी पूर्ण. आणि दोघं बरोबर आल्याशिवाय कामाच्या दारातून आत सोडत नाहीत.

"म्हंजी जो मागं ऱ्हाईल त्याच्या चालीनं जायाचं."

"हो."

"मागं कोण ऱ्हायाचं? संत्या?"

"हो."

हातातला दाणा तसाच धरून बसल्या. मग सुपात टाकला. "पळा. पर वरीसश्राद्धाला चार दिस आधी या हिकडं."

९ नोव्हेंबर, सांगली

नदीच्या घाटावर पहिला सराव. स्लेड नाही म्हणून लोखंडी पाट्याला दोर बांधून विटा ठेवल्या. ढकलायचं सगळं भाऊजींनी. फौजी पळणं, छाती पुढे, एका चालीत. मी डाव्या बाजूने पळते आणि उजवीकडे माणसाएवढी जागा सोडते. सवय. भाऊजी त्या जागेत आले नाहीत, पलीकडून पळाले. मुद्दाम की आपोआप, कळलं नाही.

तिसऱ्या फेरीला मी मंदावले. बाकीच्या फेऱ्या ठीक.

"काय झालं वो?"

"काही नाही."

"आमच्या सुभेदारानं बघितलं आसतं तर दोन चक्कर जादा दिली आसती तुमाला."

१२ नोव्हेंबर

भाऊजींनी माझ्या मनगटी घड्याळातलं सगळं मोबाइलवर काढून दाखवलं. तीन सरावांचे आलेख. तिन्हींत तिसऱ्या फेरीला खड्डा, मधल्या वळणाच्या जरा अलीकडे. त्यांचं म्हणणं, दुसऱ्या फेरीनंतर स्लेड असतो, म्हणून दम लागतो.

"पण स्लेड तर तुम्ही ढकलता."

"मग हे काय?"

ते गेल्यावर मी हृदयाच्या ठोक्यांची रेघ त्यावर ठेवून बघितली. लॅबमध्ये दिवसभर दुसऱ्यांच्या रक्ताचे आकडे बघते, एवढं समजतं. दमून वेग पडला असता तर ठोके चढेच राहिले असते. इथे वेगाबरोबर ठोकेही उतरलेत. म्हणजे मी दमत नाही.

वाट बघते.

संतोष स्लेड जवळजवळ एकटाच ढकलायचा. त्यानंतर पोटऱ्या धरायच्या. तिसऱ्या फेरीला मागे पडायचाच. मी वळून बघितलेलं त्याला चालायचं नाही. "तू बघितलंस की पाय आणखी जड होतो." म्हणून ठरलेलं: मी चाल कमी करायची, मागे बघायचं नाही. तो यायचा आणि दोन बोटं माझ्या कोपराला लावायचा. मग वेग.

मागच्या वर्षीचा आलेख काढला. खड्डा त्याच जागी. तेवढाच.

भाऊजींना सांगितलं नाही.

१६ नोव्हेंबर

साखर कारखाने चालू झाले. आज पळताना वळणावर उसाच्या ट्रॉल्या उभ्या, टेप मोठ्याने लावलेला. भाऊजी काही न बोलता दुसऱ्या रस्त्याला वळले. मी पण.

संतोष गेला त्या दिवशी आम्ही कोरेगावातच होतो. त्याला मोटरसायकल दाखवायची होती गॅरेजमध्ये. "तू यष्टीनं हो पुढं, मी मागनं आलोच." मी सांगलीला पोचले. भात लावला. कराडच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला ट्रॉली उभी होती, मागे दिवा नाही, काही नाही.

भात दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी काढून टाकला.

२३ नोव्हेंबर

भाऊजी कोरेगावला. एकटीच पळाले. सकाळी धुकं होतं, आयर्विन पुलाच्या कमानी अर्ध्याच दिसत होत्या.

तिसऱ्या फेरीला मागून पावलं आली. जड. उजवं पाऊल जरा घासून, संतोषचं पडायचं तसं. भिंतीवरून आवाज उलटतो तिथे, माझाच असेल असं आधी वाटलं. पण माझे बूट हलके आहेत आणि मी घासत नाही.

वळले नाही. चाल कमी ठेवली. कोपरापर्यंत आली पावलं असं वाटलं. मग घाटावरच्या देवळाची घंटा वाजली आणि

कामाला गेले. दिवसभर बरं वाटत होतं. कोणाला सांगण्यासारखं नाही हे.

३० नोव्हेंबर, सातारा

मैदानावर खऱ्या स्लेडवर रंगीत तालीम. भाऊजी आज माझ्या उजवीकडे, त्या मोकळ्या जागेतच पळाले. "एक दो एक, एक दो एक" मोठ्याने मोजत. बाकीच्या जोड्या हसत होत्या. एक मुलगी म्हणाली, "दादा, बँड पण आणा की."

आठही फेऱ्या सारख्या. भाऊजींनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "बघा वैनी, सरळ रेघ! पट्टीनं मारल्यागत." पोवई नाक्यावर मिसळ खाऊ घातली. खूष होते.

संध्याकाळी सांगलीत आले. एरवी कुलूप काढताना मागे कोणी पिशव्या घेऊन उभं आहे असं वाटतं. म्हणून मी दार उघडून आधी बाजूला होते, आत यायला वाट देते. आज बाजूला झाले. काहीच नव्हतं. नुसता जिना.

सरळ रेघ आली की तो येत नाही.

४ डिसेंबर

भाऊजींना फोनवर म्हटलं, तिसरी फेरी होती तशी राहू दे. मी थोडी हळू जाईन.

"का?"

"राहू दे."

मागे कोरेगावच्या घरातली भांडी वाजत होती. मग म्हणाले, "वैनी, मला काय दादा नगं झालाय का? मी बी तुमच्यावानीच हाय. पर दादा काय म्हनला हुता? ताटकळत ठेवनार न्हाई, आसं मला बी फोनवर सांगितलं हुतं त्यानं. मग त्याचा शब्द तुमीच मोडताय की."

"बघते," म्हटलं.

खरं म्हणजे त्यांच्यावर अन्याय होतो. ते पुढे जाऊन दारात उभे राहणार, माझ्यासाठी. त्यांची सुट्टी अशी जातेय.

पण एवढं एकच ठिकाण आहे जिथे तो मागून येतो. घरात आता तेवढं नाही राहिलं. उशीला वास नाही. आवाज आठवायला मोबाइल लावावा लागतो. ती फेरी पण सरळ केली तर

१३ डिसेंबर, सातारा

उद्या शर्यत. लॉजवर मी आणि सासूबाई एका खोलीत, भाऊजी शेजारच्या. सासूबाई स्वतःहून आल्या, भाकरी बांधून. गर्दीत त्यांना कुठे बसवायचं हा प्रश्न. "मला काय, झाडाखाली बसंन."

काय करायचं ते अजून ठरलं नाही. भाऊजींनीही विचारलं नाही.

१४ डिसेंबर

झाली.

जमेल तसं लिहिते. पहिल्या दोन फेऱ्या गर्दीत. स्लेड भाऊजींनी ढकलला, शेवटी मीही खांदा दिला. तिसरी फेरी. भाऊजी पुढे निघाले. आज मोजत नव्हते. त्यांची पाठ वळणावर गेली. मी चाल कमी केली, ठरवून नाही. सासूबाई कडुनिंबाखाली उभ्या दिसल्या, माझ्याकडे बघत नव्हत्या, माझ्या मागे बघत होत्या. मी वळले नाही. पावलं आली. घासून. कोपराला दोन बोटं.

मग वेग. दारात भाऊजी.

पुढचं नीट आठवत नाही. वाळूची पिशवी जड होती. शेवटच्या कामात जड बॉल भिंतीवर फेकताना भाऊजी ओरडत होते, "आनखी फक्त धा, वैनी!" धा संपले तरी तेच. संपल्यावर पाठमोरे होऊन खूप वेळ पाणी पीत राहिले.

१५ डिसेंबर, सांगली

आलेख बघितला. चार वेळा.

तिसऱ्या फेरीला खड्डा नाही. आठांतली सगळ्यात वेगाची फेरी तीच.

भाऊजींना फोन केला. "तुम्ही दारात किती वेळ थांबलात माझ्यासाठी?"

"थांबतोय कुठला? खांद्याला खांदा लावून आत शिरलो की आपन."

मला त्यांची पाठ आठवते. वळणावर गेलेली. शर्टाला चुना लागलेला.

अजून एक. वेग चढलाय, पण ठोके उतरलेत. तेवढ्याच भागात. असं होत नाही. "पट्टा सैल बसला आसंल," भाऊजी म्हणाले. मनगटावर पट्ट्याचा वळ अजून आहे.

हा आकडा लॅबमध्ये आला असता तर मी नमुना परत मागवला असता.

१० जानेवारी, कोरेगाव

वर्षश्राद्ध झालं. माणसं फार नव्हती. नानांनी जेवताना विचारलं, "मग नंबर कितवा आला?"

भाऊजी म्हणाले, "चौथा."

"आनि बक्षीस?"

"चौथ्याला कुठलं बक्षीस? दोन केळी नि एक टावेल."

"एवढ्यासाठी पळलासा!" पण टॉवेल मागून घेतला आणि बोटांत धरून बघितला, जाड आहे म्हणाले.

भाऊजी उद्या पलटणीत जातात. दुपारी हळूच म्हणाले, "पुढल्या साली नाव देऊ का? आपलं दोघांचं?" मी बघू म्हटलं. त्यांनी परत विचारलं नाही.

संध्याकाळच्या गाडीने मी सांगलीला. भाऊजी माझी पिशवी घेऊन पुढे. सासूबाई स्टँडपर्यंत आल्या. चिंचेच्या झाडापुढे त्यांची चाल एकदम कमी झाली. पाय दुखतात का विचारलं.

"न्हाई. हितं संत्या मागं पडायचा. बारका आसताना, बाजारातनं येताना. वळून बघितलं की रस्त्यात फतकल मारून बसायचा. मग काय करनार? चाल कमी करायची. बघायचं न्हाई. येतुयाच त्यो."

मैदानावर त्या काय बघत होत्या, हे विचारायचं इतके दिवस मनात होतं. ओठांवर आलं होतं. विचारलं नाही.

त्यांच्या उजवीकडे माणसाएवढी जागा होती. माझ्याही.

भाऊजी स्टँडच्या तोंडाशी पोचून हाका मारत होते, "आवं चला की दोघी, गाडी लागली!"

आम्ही दोघींनीही पाय उचलला नाही.