शेजारच्या खिडकीचे डोळे

१३ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

बुधवार, ११ मार्च, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी तुझ्या नोंदणी कार्यालयात चार दिवसांच्या बाळाच्या जन्मनोंदणीच्या अर्जावर मृत्यूचा शिक्का बसला. बाळाची आई खिडकीशीच रडायला लागली म्हणे. शिक्का मारणाऱ्या तात्यांना, आपल्या जुन्या कारकुनाला, तू नोटीस दिलीस.

तात्यांना जेमतेम दिसतं. शेजारच्या खिडकीवरची बाई प्रत्येक अर्ज हळूच वाचून दाखवायची, शिपाई शिक्का हातात द्यायचा. सहा वर्षांत एक चूक नाही. तू 'संघभावना सप्ताह' काढलास, चिठ्ठ्या टाकून सगळ्यांच्या जागा बदलल्यास आणि एकसारख्या टोप्या वाटल्यास. टोप्या घालून संघ होतो होय गं? होता तो मोडलास. नोटीस मागे घे.

तुझी मावशी

१५ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

त्या आईची मी घरी जाऊन माफी मागितली. पण मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. विचारलं तर तात्यांसकट तिघंही छताकडे बघत बसले. तू संघ म्हणतेस, मला तो कंपू दिसतो. आणि सहांपैकी चार वर्षं या खुर्चीत तूच होतीस ना? तात्यांच्या डोळ्यांविषयी फाइलमध्ये एक कागद नाही. का? शुक्रवारी, २० तारखेला सुनावणी आहे. त्यांची नोकरी जाऊ शकते.

रागाव, पण माया पातळ करू नकोस.
तुझी ठमी

१७ मार्च

चि. ठमीस,
आशीर्वाद.

नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंस. कागद होता. तात्यांनी डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली होती. वार्षिक तपासणी तोंडावर होती. नंतर बघू म्हणत मी अर्ज परत केला. तपासणी संपली तेव्हा डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. तात्या मला एका शब्दाने बोलले नाहीत. शेजारच्या बाईने मात्र आपली खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. त्या वर्षीची उत्कृष्ट संघाची ढाल मी हसत हसत घेतली. ती माणसं तात्यांना सांभाळत होती आणि मला झाकत होती.

अर्धी कबुली म्हणजे पूर्ण खोटं, असं आमच्या शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या. म्हणून सोबत सहीचं निवेदन जोडलं आहे. सुनावणीत तात्यांसमोर मोठ्याने वाच. मावशी म्हणून माझी गय केलीस तर गाठ माझ्याशी आहे.

ते फाइलला लावल्याचं लेखी उत्तर गुरुवार, १९ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात हवं. फोन मी उचलणार नाही.

तुझी मावशी