जसं काढलंय तसं

३ सप्टेंबर
विलायती आली. हे नाव मीच ठेवलं. वय बत्तीस, तिकडे शिकून, नोकरी करून आलेली – आणि पहिल्याच दिवशी मालकांना नावानं हाक! मालक हसले! मी तेवीस वर्षं इथे पंपांची ड्रॉइंग काढतोय, त्यांनी ‘बसा’ म्हटल्याशिवाय कधी बसलो नाही. डिसेंबरात डिझाइनप्रमुखाची जागा रिकामी होतेय. ती किंवा मी, म्हणे. हा काय प्रश्न झाला?

८ सप्टेंबर
नवं खूळ! दर सोमवारी सगळ्यांनी गोल बसायचं आणि आपापली चूक सांगायची. “चुकल्याशिवाय नवं सुचत नाही.” तिकडे शाळेतच पोरं मास्तरांना खोडून काढतात म्हणे. वा रे शाळा! आमच्या मास्तरांनी सांगितलं होतं, मोठ्यांसमोर तोंड उघडायचं ते ‘हो’ म्हणायला. मीही शिकाऊ पोरांना तेच शिकवत आलो. त्यातलाच एक आज मिस्त्री आहे, माझ्या ड्रॉइंगवरून पंप तोच बनवतो. हिरा माणूस! कधी उलटा शब्द नाही.

माझी पाळी आली. म्हटलं, “माझी एकही चूक नाही. बक्षीस मिळालेला पंप फाटकाशी काचेत ठेवलाय, जाऊन बघा.” सगळे खाली मान घालून बसले. याला म्हणतात आदर.

९ सप्टेंबर
शहाणी! दीडशहाणी!

६ ऑक्टोबर
तिचा पंप पहिल्याच चाचणीत फुटला. भिंतीपर्यंत पाणी. आणि ही बया टाळ्या वाजवते! “छान, कुठे कमी पडतोय ते कळलं.” घरी बायकोला सांगितलं. वाटलं, पोट धरून हसेल. तर म्हणते, “अहो, पण तिला कळलं ना?” घरचीच फितूर.

१४ ऑक्टोबर
विलायतीचा हुकूम – ड्रॉइंग जसं काढलंय तसंच बनवायचं. शंका असेल तर विचारायची, गुपचूप काही बदलायचं नाही. चला, एकदा तरी अक्कल चालवली. आता बघू कोणाचं पितळ उघडं पडतं.

११ नोव्हेंबर
माझा नवा पंप. मालक, विलायती, सगळा कारखाना उभा. तीन मिनिटांत आतला पंखा झाकणाला घासून जाम! धूर! मालक निघून गेले.

घातपात आहे हा. तिनंच करवला. माझी जागा खायला निघालीय.

१२ नोव्हेंबर
मिस्त्रीला कोपऱ्यात घेऊन झापलं. “पंखा आणि झाकणातली फट कोणाच्या सांगण्यावरून बुजवलीस?”

तो जमिनीकडे बघत म्हणाला, “साहेब, ड्रॉइंगमध्ये फट नव्हतीच. या वेळी जसंच्या तसं बनवलं.”

“मग विचारायचं नाही? तसा हुकूम होता ना!”

“तुम्हाला कसं विचारणार, साहेब? तुम्हीच तर शिकवलंत.”

घरी आलो. ‘या वेळी’ म्हणजे काय? या वेळी?

१३ नोव्हेंबर
मिस्त्रीनं सकाळी एक तेलकट वही टेबलावर ठेवली आणि गेला. सुरुवात त्याच्या आधीच्या मिस्त्रीच्या अक्षरात, पुढे याच्या. एकेका पंपाला एकेक पान. डावीकडे माझं माप, उजवीकडे त्यांनी बनवलेलं.

फाटकाशी काचेत ठेवलेला पंप सहाव्या पानावर आहे. पाच दुरुस्त्या.